ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवरून कारखान्यातलं मशीन कसं चालतं?

डेअरीत दूध पाश्चराइज करताना ते साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवलं जातं. मोठ्या डेअऱ्यांमध्ये हे तापमान सांभाळतो तो पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर. मग त्यातला आकडा ऑफिसमधल्या स्क्रीनवर येतो कसा?

पीएलसीच्या मेमरीत क्रमांक दिलेले कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात तापमान, दुसऱ्यात मोटरचा वेग. एका कप्प्यात ० ते ६५,५३५ मधली पूर्ण संख्या मावते. म्हणून ७२.५ अंश बऱ्याचदा ७२५ असे साठवतात आणि ऑफिसमधला प्रोग्राम त्याला १० ने भागतो.

कॉम्प्युटर आणि पीएलसी यांच्यातली एक जुनी भाषा म्हणजे मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ मध्ये आणली आणि ती आजही वापरात आहे. कॉम्प्युटर कोड ३ पाठवून कप्पा वाचतो, तर कोड ६ पाठवून त्यात नवा आकडा लिहितो. पायथनमध्ये हे काम मोजक्या ओळींत होतं.

घोळ होतो तो क्रमांकात. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेला कप्पा प्रत्यक्ष संदेशात ० क्रमांकाचा असतो. एकाचा फरक पडला की शेजारचा कप्पा उघडतो. वाचताना चुकलं तर स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसेल, पण लिहिताना चुकलं तर भलतीच मोटर सुरू होऊ शकते!

त्याहून मोठी अडचण म्हणजे मूळ मॉडबसमध्ये पासवर्डच नाही. नेटवर्कमध्ये शिरलेल्या कोणाचाही हुकूम पीएलसी ऐकतो.

काही कंट्रोलरना पासवर्ड असतो, पण तो बदलला जातोच असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, अलिक्विपा शहराच्या पाणीपुरवठ्यातल्या एका कंट्रोलरवर हॅकर्सनी ताबा मिळवला. कर्मचाऱ्यांनी यंत्रणा हाताने चालवली म्हणून पाणी थांबलं नाही. त्यानंतर अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेने अशा कंट्रोलरचा मूळचा ‘११११’ हा पासवर्ड बदलायला आणि ते इंटरनेटपासून तोडायला सांगितलं.

म्हणूनच ज्या प्रोग्रामला फक्त आकडे दाखवायचे आहेत, त्याला लिहिण्याची परवानगी देऊ नये. आणि जिथे लिहावंच लागतं, तिथे आलेला आकडा मर्यादेत आहे का, हे पीएलसीनेच तपासावं.