भाकरीला डाळीची जोड हवी

शेतात राबणाऱ्या माणसाचे पोट भाकरीने भरते. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या भिन्न गोष्टी आहेत. भाकरीतील पिष्टमय पदार्थ श्रमाला शक्ती पुरवितात. शरीराची वाढ करणे व रोजची झीज भरून काढणे हे कार्य मात्र प्रथिनांचे आहे. चरबीप्रमाणे प्रथिनांचा साठा शरीरात होत नाही. म्हणून सणाला पुरणपोळी खाऊन वर्षाची उणीव भरून निघत नाही. प्रथिने रोजच्या ताटातच हवीत.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास रोज सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांची गरज इतर स्त्रियांहून अधिक असते.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर तितक्याच तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीत लायसीन हा प्रथिनघटक कमी असतो. तो डाळीत विपुल असतो. डाळीत कमी असणारे मेथिओनिन ज्वारी पुरविते. अशा रीतीने एकीचे उणे दुसरी भरून काढते.

माणशी रोज ५० ग्रॅम डाळ धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबास वर्षाला सुमारे ९१ किलो डाळ लागते. तूर बाजारात नेण्यापूर्वी शेतकऱ्याने हा घरचा वाटा बाजूस काढावा. ग्रामसेवकांनी हा हिशेब घरोघर समजावून द्यावा. आणि सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गृहिणीच्या ताटातही डाळ पडेल, याविषयी घरातील सर्वांनी दक्ष राहावे.