पोरांच्या मागे गेलेली शाळा

दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू होते आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांतले वर्ग रिकामे दिसू लागतात. हाताशी आलेली पोरं पऱ्हाटीत, त्यांच्याहून लहान असलेली धाकट्याला काखेत घेऊन धुऱ्यावर. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी बकऱ्या आणि ढोरं राखणाऱ्या पोरांना तर हंगाम असा नसतोच. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागतं. शिकायचा कंटाळा म्हणून ती येत नाहीत असं नाही. शाळेची वेळ आणि त्यांचा दिवस यांचा मेळच बसत नाही.

मुलाच्या कलाने चालणारं शिक्षण म्हटलं की आपल्याला शहरातल्या महागड्या शाळा आठवतात. जगात याची मोठी नावं आहेत. इंग्लंडमधलं समरहिल १९२१ सालचं, अमेरिकेतली सडबरी व्हॅली १९६८ची. तासाला बसायचं की नाही हे तिथे मुलं ठरवतात, शाळेचे नियम सभेत मतं घेऊन होतात. त्या प्रयोगांबद्दल मला आदर आहे. पण ज्याच्या आईबापांना फी परवडत नाही, ज्याला दिवसभर गुरांमागे राहायचं आहे, त्या मुलाच्या कलाने शाळा कशी चालवायची? हा प्रश्न मराठी मुलखात दोन बायकांनी अंगावर घेतला.

ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत होत्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्याच. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मुलाला मारू नये, धाक घालू नये, त्याच्या हातांना काम द्यावं, हा माँटेसोरीबाईंचा विचार त्यांनी दादरच्या शिशुविहारात रुजवला. तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि वर्षही सरायच्या आत वैधव्य, असं आयुष्य वाट्याला आलेल्या अनुताई पुढे ताराबाईंचं सगळं काम चालवणार होत्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरीब मुलं काही तिथवर येईनात. मग बालवाडीच वस्तीत गेली, कुणाच्या तरी अंगणात भरू लागली. ती अंगणवाडी. आधी आंघोळ, नखं, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शंखशिंपले, खडे वापरात आले. लहानमोठं, जडहलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून शिकता येतं, आणि हरवलं तर रडायचं कारण नाही.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. तिथे पेच आणखी अवघड होता. मोठी बहीण शाळेत येत नव्हती, कारण तान्ह्याला कोण सांभाळणार? उपदेश करून हे सुटणारं नव्हतं. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला विकासवाडी म्हटलं. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. गुरं राखणारी मुलं तरीही उरलीच. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. मला तर वाटतं, मुलाचं जगणं आधी आणि वेळापत्रक नंतर, हे इतक्या निखळपणे फार थोड्यांनी केलं आहे.

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आहार, लसीकरण, तपासणी, संदर्भसेवा, आरोग्यशिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यावर सोपवल्या. कुपोषणाशी लढताना आहाराला पहिला मान मिळाला, ते योग्यच. पण सेविकेचा दिवस नोंदींत आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये जातो, आणि शिक्षणाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो.

चिखलीकडच्या एका अंगणवाडीत मी चारेक वर्षांचा मुलगा पाहिला. अरुंद तोंडाच्या बाटलीत तो तुरीचे दाणे एकेक करून टाकत होता. मग त्याने भुईमुगाची शेंग घेतली. ती जाईना. उभी धरली, आडवी धरली, दाबली. बराच वेळ विचार करून त्याने शेंग दातांनी फोडली आणि दाणे आत सोडले. ताई मोबाइलमध्ये वजनं भरत होत्या, तरी त्यांचं लक्ष होतं. त्याला रांगेत बसायला त्यांनी हाक मारली नाही. “पोट्टे एका जागी बसतच नाही ना जी,” त्या म्हणाल्या, “अन् बसवाव कायले? हातानं करते तं समजते त्याले.”

शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ मुलाने कृतीतून, शोधातून शिकावं असंच सांगतं. तो कायदा सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी असला, तरी त्यातला विचार ताईंच्या बाजूचा आहे. त्यांना हवी आहेत ती नोंदींतून सुटलेली दोन तासांची सकाळ, आणि वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी धुऱ्याजवळच्या कडुनिंबाखाली भरवायची मुभा. तिथे धाकटं ताईंपाशी राहील, आणि थोरलीला शाळेची वाट मोकळी होईल.