स्टॉलवरचा उजेड आणि बुगेरच्या मेणबत्त्या

पुनावळ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘चाकणला माझं छोटं सीएनसी युनिट आहे. मोशीच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच तीन बाय तीनचा स्टॉल घेतोय. शाफ्ट, फ्लँज, पितळी बुश असा माल मांडणार आहे. स्टॉलबरोबर तीन स्पॉटलाइट मिळतात. ते पुरणार नाहीत, आणखी सहा घ्या, असं स्टॉल उभारणारा म्हणतो. किती वॉट लावले म्हणजे माल उठून दिसेल?’

प्रश्न एकट्याचा नाही. मोशीचं प्रदर्शन केंद्र आणि चिंचवडचं ऑटो क्लस्टर या दोन ठिकाणी भोसरी-चाकण पट्ट्यातले कितीतरी लघुउद्योजक दरवर्षी स्टॉल लावतात. फेब्रुवारी 2024मध्ये मोशीला संरक्षण साहित्याचं प्रदर्शन झालं, तेही लघुउद्योगांना समोर ठेवूनच. जागेचं भाडं, फ्लेक्स, ब्रोशर यांचा हिशेब महिनाभर आधी होतो. दिव्यांचा निर्णय मात्र आदल्या रात्री, वायरमन शिडीवर चढल्यावर होतो.

आधी वॉटचं उरकून टाकू. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. हॅलोजनचा जमाना होता तेव्हा वॉटवरून उजेडाचा अंदाज यायचा, कारण ते सगळेच दिवे एका वॉटमागे वीसेक लुमेनच्या आत अडकलेले असत. आज बरा एलईडी शंभर लुमेन देतो, सुमार एलईडी त्याहून बराच कमी. लुमेन कळूनही भागत नाही, कारण तो उजेड कुठे पडतो हे लुमेन सांगत नाहीत. खोक्यावर ‘अमुक वॉटच्या बरोबरीचा’ असं लिहिलेलं असतं, त्यावर फार वेळ घालवू नये.

खरं उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच माणसाकडे आहे, आणि त्याच्याबद्दल लिहायची संधी मी सोडणार नाही. पिएर बुगेर, जन्म 1698. वडील ब्रिटनीतल्या ल क्रुआझिक या बंदरगावात नौकानयनाचं गणित शिकवत. ते वारले तेव्हा पिएर पंधरा वर्षांचा होता, आणि त्यांची जागा त्यालाच मिळाली. दर्यावर्दी खलाशांना शिकवणारा मिसरूड न फुटलेला मास्तर! जहाज कलंडेल की सावरेल हे ठरवणाऱ्या मेटासेंटरची कल्पना त्याचीच. पृथ्वीचा आकार मोजायला फ्रेंच विज्ञान अकादमीने 1735मध्ये पेरूला मोहीम धाडली, त्यात तो होता. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचं नाव ‘बुगेर विसंगती’मुळे माहीत असतं. दख्खनच्या बेसॉल्टखाली काय दडलंय याचा गुरुत्वमापनाने अंदाज घेताना ती आजही काढावी लागते.

आपल्याला हवा आहे तो मेणबत्त्या घेऊन बसलेला बुगेर. उजेड मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं. दोन दिव्यांपैकी कुठला किती तेजस्वी हे डोळ्याला सांगता येत नाही. पण शेजारी शेजारी असलेले दोन पृष्ठभाग सारखे उजळलेत की नाही, हे डोळा फार अचूक सांगतो. बुगेरने नेमकं हे हेरलं. मग दिवा मागेपुढे सरकवायचा, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की थांबायचं आणि अंतरावरून गणित करायचं. याच युक्तीने, मेणबत्ती मध्यस्थ ठेवून, त्याने सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्र यांची तुलना केली. सूर्य सुमारे तीन लाख पट तेजस्वी, असं त्याचं उत्तर आलं. आजचा आकडा चार लाखांच्या आसपास आहे. मेणबत्ती आणि डोळा एवढ्याच भांडवलावर!

पुढचा प्रयोग थेट स्टॉलच्या कामाचा आहे. पांढऱ्या फळ्यासमोर एक काठी उभी केली. एक मेणबत्ती फळ्याजवळ स्थिर ठेवली. दुसरीमुळे काठीची सावली फळ्यावर पडत होती. ही दुसरी मेणबत्ती तो मागे मागे नेत गेला. सावली फिकी होत होत पहिलीच्या आठपट अंतरावर दिसेनाशी झाली. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, तेव्हा आठपट अंतरावर तो चौसष्टावा हिस्सा उरतो. याचा अर्थ, मूळ उजेडात एक चौसष्टांशाहून कमी भर पडली तर बुगेरच्या डोळ्याला ती कळतच नव्हती. मूळ उजेड दुप्पट केला की कळण्यासाठी लागणारी भरही दुप्पट. डोळा बेरीज करत नाही, गुणोत्तर बघतो. हेच तत्त्व पुढे वेबर आणि फेक्नर या जर्मन शास्त्रज्ञांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत गेलं. 1860 साली फेक्नरने बुगेरचं ऋण मान्य केलं होतं. पाठ्यपुस्तकांनी तेवढं मन मोठं केलं नाही.

बुगेरची उपेक्षा इथे संपत नाही. द्रावणातून जाताना प्रकाश कसा क्षीण होतो, याचा रसायनशास्त्रात भेटणारा नियम बियर-लँबर्ट यांच्या नावावर आहे. त्याचा गाभा बुगेरने 1729मध्येच मांडला होता. लँबर्टचं पुस्तक 1760चं, बियरचा निबंध 1852चा. लँबर्टच्या नावाने तेजस्वितेचं एककही झालं. बुगेर 1758मध्येच गेला होता, आणि त्याचा प्रकाशावरचा मोठा ग्रंथ लँबर्टच्या पुस्तकाच्याच वर्षी, मरणोत्तर छापला गेला.

आता मोशीला येऊ. समजा, हॉलमध्ये सगळीकडे 300 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर 300 लुमेन, उजेड आहे. तुम्ही सहा जादा दिवे स्टॉलभर पसरले आणि सगळा स्टॉल 600 लक्सवर नेला. गालिचा उजळला, टेबल उजळलं, मागचा फ्लेक्स उजळला आणि फ्लँजही उजळली. फ्लँज आणि भोवताल यांचं गुणोत्तर जिथल्या तिथे राहिलं. त्याऐवजी तिन्ही दिवे तीन निवडक वस्तूंवर रोखले आणि तिथे 900 ते 1,500 लक्स आणले, तर वस्तू भोवतालाच्या तिप्पट ते पाचपट उजळते. तिप्पट फरक चालत्या माणसाच्या लक्षात येतो, पाचपट असेल तर त्याची मान वळते. गुणोत्तर वाढवायचा फुकटचा मार्गही आहे : भोवताल काळोखा करा. मालामागचं पॅनेल पांढऱ्याऐवजी गडद राखाडी घ्या. प्रदर्शन तात्पुरत्या कापडी मंडपात असेल, तर दिवसा छतातून इतका उजेड झिरपतो की त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. तिथे गडद पार्श्वभूमीच कामाला येते.

स्टॉलच्या मागे लख्ख बॅकलिट पॅनेल लावायची जी फॅशन आहे, ती याच हिशेबाने तपासावी. पॅनेल सगळ्यात तेजस्वी झालं की डोळा त्याला जुळवून घेतो. त्याच्यापुढे उभे असलेले तुमचे सेल्स इंजिनिअर आणि टेबलावरचा माल, सगळ्यांच्या सावल्या होतात.

अंतराचा वर्ग इथेही सोडत नाही. 3,000 कँडेलाचा (झोताच्या रोखाने तेवढ्या तीव्रतेचा) स्पॉट दोन मीटरवरून 750 लक्स देतो. तोच दीड मीटरवर आणला तर 1,333, म्हणजे पावणेदोनपट. अर्धा मीटर लांबीचा पाइप जादा दिव्यापेक्षा स्वस्त पडतो. झोताचा कोनही विचारून घ्या. 24 अंशांचा झोत दोन मीटरवर साधारण 85 सेंटिमीटरचं वर्तुळ उजळतो. 60 अंशांचा झोत सव्वादोन मीटरहून मोठं वर्तुळ उजळतो. त्यातला बराच उजेड गालिच्यावर आणि शेजाऱ्याच्या स्टॉलमध्ये जातो, बिल तुमच्या नावावर येतं.

एवढं सगळं केलं तरी घासूनपुसून चकचकीत केलेला शाफ्ट फोकसखाली काळा दिसू शकतो. स्टॉलवाले इथे सगळ्यात जास्त वैतागतात. खडबडीत कास्टिंग किंवा पावडर कोटिंग केलेला भाग पडलेला उजेड सर्व दिशांना उधळतो, म्हणून कुठूनही उजळ दिसतो. ग्राइंडिंग केलेला शाफ्ट मात्र आरसा आहे. आरशाला स्वतःचं रूप नसतं. त्यात समोरचं दिसतं. फोकस मारला की त्या दिव्याचं एक टोचणारं प्रतिबिंब दिसतं. उरलेल्या शाफ्टमध्ये हॉलचं अंधारं छत दिसतं, आणि म्हणून तो काळा. दिवे वाढवा, टोचणारे ठिपके वाढतील, काळा भाग तसाच राहील.

उपाय म्हणजे शाफ्टला बघायला काहीतरी उजळ द्या. वस्तूच्या वर, जरा पुढच्या बाजूला, पांढरं मॅट ॲक्रिलिक किंवा ताणलेलं पांढरं कापड लावा आणि दिवा त्याच्यावर मारा. आता शाफ्टच्या अंगावर रुंद, मऊ पांढरा पट्टा उमटतो आणि शेजारची गडद छटा त्याला गोलाई देते. यंत्रभागांचे फोटो काढणारे हेच करतात. मागचं पॅनेल गडद आणि डोक्यावरचं पांढरं, यात विरोध नाही. मागचं ग्राहक बघतो, वरचं शाफ्ट बघतो.

हे तंत्र चाकणच्या माणसाला नवं वाटू नये. मोटारीच्या कारखान्यात रंगकाम झालेली बॉडी ओळीने लावलेल्या लांब दिव्यांखालून नेतात. पत्र्यावर त्या दिव्यांचे पट्टे उमटतात, आणि जिथे पट्टा वाकतो तिथे पोचा. तपासनीस रंगाकडे बघतच नाही, प्रतिबिंबाच्या रेषेकडे बघतो. तीच गोष्ट तिरप्या उजेडाची. पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा दिवा धरला की बारीकसा खळगाही सावली टाकतो. क्वालिटीवाले त्याचा वापर ब्लो होल शोधायला करतात. तेव्हा कास्टिंग मांडणाऱ्यांना खासगीत एक सल्ला : फिनिशवर पूर्ण भरवसा नसेल, तर टेबलाच्या कडेला दिवा लावू नका.

आता रंग. ‘सीआरआय 90’ हे अक्षर-आकडे हल्ली प्रत्येक दिव्याच्या खोक्यावर दिसतात. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा हा निर्देशांक, आणि मला त्याच्याबद्दल फारसा आदर नाही. तो आठ ठरावीक रंगांच्या नमुन्यांवरून काढतात, आणि ते आठही फिके, मवाळ रंग आहेत. भडक लाल त्यात नाहीच. त्याचा नमुना नववा, ‘आर-9’ नावाचा, आणि तो सरासरीत धरत नाहीत. मुलाचा गणिताचा पेपर वगळून टक्के सांगावेत, तसला हा प्रकार. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014चं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड तयार करतात. निळा भरपूर, पिवळा भरपूर, गडद लाल तोकडा. त्यामुळे स्वस्त एलईडीखाली तांबं निस्तेज होतं, पितळ फिकं पडतं, माणसांचे चेहरे आजारी दिसतात, आणि तरीही सीआरआय 80 भरतो. तुमच्या मालात पितळ आहे, तेव्हा आर-9चा आकडा मागाच. तो 50च्या वर असावा. दुकानदाराला आर-9 म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर दुसरं दुकान बघा. दिव्याची छटा 4,000 केल्व्हिनच्या आसपास ठेवावी. आपल्याकडे सरसकट लावला जाणारा 6,500चा निळसर पांढरा स्टीलला चालतो, माणसाला नाही. एका स्टॉलमध्ये दोन छटा मिसळू नका.

शेवटचा मुद्दा सुरक्षेचा आहे, आणि स्टॉलवर मशीन चालवून दाखवणाऱ्यांनी तो गंभीरपणे घ्यावा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साध्या ड्रायव्हरचा एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही. पण तीन जबड्यांचा चक 2,000 आरपीएमने फिरतोय असं धरा. सेकंदाला तेहतीस फेरे आणि वर एक तृतीयांश. गुणिले तीन जबडे, बरोबर शंभर. प्रत्येक लखलखाटात पुढचा जबडा मागच्याच्या जागी आलेला असतो. चक थांबल्यासारखा दिसू शकतो. चार जबडे असतील तर हे 1,500 आरपीएमलाच होतं. वेग किंचित कमी असेल तर चक सावकाश उलटा फिरताना दिसतो. ट्यूबलाइटच्या काळात हा धोका सगळ्यांना ठाऊक होता. म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकत आणि लेथवर तारेचा बल्ब ठेवत, कारण तापलेली तार शंभरांश सेकंदात निवत नाही. एलईडी आले आणि ही जाण विस्मरणात गेली. परीक्षा सोपी आहे : मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याखालच्या पांढऱ्या कागदाचा व्हिडिओ घ्या. कागद लुकलुकला, तर तो दिवा परत करा. स्टॉलवर आलेली माणसं तुमच्या मशीनचे व्हिडिओ काढतात, त्यातही असल्या दिव्याचे काळे पट्टे येतात.

तेव्हा जादा सहा दिवे घेऊ नका. तीनच घ्या, पण अरुंद झोताचे, न लुकलुकणारे, आर-9 लिहून दिलेले. दोन पितळी बुश आणि फ्लँजवर रोखा, तिसरा शाफ्टवरच्या पांढऱ्या कापडावर मारा. आणि उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या स्टॉलचे दिवे लागल्याखेरीज आपल्या दिव्यांचे स्क्रू आवळू नका.