दारची कोंबडी, घरच्या बाईचं रक्त
सेनगाव-कळमनुरीच्या वस्त्यांत बायांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहते, तेव्हा आत लालीऐवजी पांढरं दिसतं. २०१५च्या गोवंश हत्याबंदीने गरिबाच्या ताटातलं बैलाचं स्वस्त मांस गेलं. म्हणून भगिनींनो, दारी चार गावरान कोंबड्या, जमल्यास एक उस्मानाबादी शेळी पाळा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. कलेजीत लोह आणि बी-१२ भरपूर. राणीखेत रोगावर औषध नाही, लसच आहे. पिल्लू आठवड्याचं होताच लासोटाचा थेंब डोळ्यात टाकून घ्या. आजाराने मेलेली कोंबडी शिजवू नका; चुना टाकून खोल पुरा. गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. आणि कोंबडी कापली की कलेजी पुरुषाच्या ताटात जाते, ती रीत आता मोडा. जिने पाळली, तिलाही वाढा.