लोणार = विवर("बेसाल्ट", "हिरवं")

वरचं शीर्षक म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली अस्सल, चालणारी ओळ आहे. तिच्यात रोमन लिपीतलं एकही अक्षर नाही, तरी संगणक ती निमूट वाचतो. २००८ साली आलेल्या तिसऱ्या पायथनपासून नावं देवनागरीत ठेवता येतात. क्लास, डेफ असे राखीव शब्द मात्र रोमनच राहतात. ‘विवर’ हा क्लास आधी लिहिताना ते लागतात, पण त्यातून एक नवं विवर घडवायचं तर वरची ओळ पुरते.

क्लास लिहून झाला म्हणजे विवर झालं, असं नवशिक्याला वाटतं. तसं काही झालेलं नसतं. क्लास फक्त सांगतो की प्रत्येक विवराला एक खडक असेल आणि पाण्याची एक अवस्था असेल. कुठला खडक, कसलं पाणी, हे अजून कोणालाच माहीत नाही. नावापुढे कंस आला की पायथन एक नवीकोरी वस्तू तयार करतो आणि ‘इनिट’ला हाक मारतो (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावलेलं इनिट). इनिट त्या वस्तूवर ‘बेसाल्ट’ आणि ‘हिरवं’ नोंदवतं. अशा वस्तूला इन्स्टन्स म्हणतात. शेजारी दुसरी बनवू:

बॅरिंजर = विवर("वाळूचा दगड", "कोरडं")

क्लास एकच, पण वस्तू दोन. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल आहे. ते दख्खनच्या काळ्या पाषाणात कोरलं गेलंय. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेली विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोणारकडे डोळे लावून असतात. अ‍ॅरिझोनातलं बॅरिंजर सुमारे १.२ किलोमीटरचं आहे, वाळवंटातलं आणि कोरडं.

आता टिंबाची करामत बघा. जून २०२० मध्ये लोणारचं हिरवं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्याचं कारण मीठप्रेमी हॅलोआर्किया ठरले. हे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य बनवतात. पायथनमध्ये ही घटना एवढीच:

लोणार.पाणी = "गुलाबी"

बॅरिंजरला याचा पत्ताही लागत नाही. ‘विवर’ या क्लासमध्येही काना-मात्रा हलत नाही. त्याच वर्षी लोणार महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. तेही नोंदवता येतं:

लोणार.दर्जा = "रामसर पाणथळ"

‘दर्जा’ नावाचं काही क्लासमध्ये लिहिलेलंच नव्हतं! तरी पायथन हरकत घेत नाही. काही भाषा इथे लगेच अडवतात. मला पायथनचा हा ढिलेपणा आवडतो, मात्र मोठ्या प्रोग्रॅममध्ये तो महागात पडू शकतो. उद्या चुकून ‘पाणी’ऐवजी ‘पाणि’ लिहिलंत, तर ओरडा न करता एक नवंच ‘पाणि’ जन्माला येईल.

वस्तूला काम सांगायचं तरी टिंबच. क्लासमध्ये ‘माहिती’ नावाची मेथड असेल तर लिहायचं लोणार.माहिती(). कंस रिकामा दिसतो, मग मेथडला कसं कळतं की माहिती लोणारची द्यायची? पायथन पडद्याआड ती ओळ अशी वाचतो:

विवर.माहिती(लोणार)

म्हणजे लोणार स्वतःच पहिला पाहुणा म्हणून आत जातं. मेथडच्या व्याख्येत सगळे जण त्याला ‘सेल्फ’ म्हणतात. तो राखीव शब्द नाही, नुसती प्रथा आहे. तिथे ‘स्व’ लिहिलंत तरी चालेल. सोबतचे प्रोग्रॅमर वैतागतील, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक गंमत. गावचं_तळं = लोणार असं लिहिलं की दुसरं तळं तयार होत नाही. कंस नाही, म्हणजे जन्म नाही. एकाच तळ्याला दुसरं नाव मिळालं, एवढंच. गावचं_तळं.पाणी पुन्हा "हिरवं" केलं की लोणारही हिरवं. उलट, विवर("बेसाल्ट", "हिरवं") ही हाक पुन्हा मारली तर तंतोतंत तशीच दिसणारी, पण निराळी वस्तू मिळते. दोन्ही जिवंत असेपर्यंत प्रत्येकीचा ओळख-क्रमांक वेगळा असतो.

नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळणारा घोटाळा इथूनच जवळ आहे. समजा विवरात सापडलेल्या जीवांची यादी हवी आहे, आणि ती रिकामी यादी तुम्ही इनिटमध्ये न लिहिता थेट क्लासच्या अंगात लिहिली. मग ती एकच यादी सगळ्या विवरांत सामाईक होते. लोणारच्या यादीत हॅलोआर्किया भरले, की अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या खड्ड्यातही ते हजर! उपाय सोपा आहे. यादी इनिटच्या आत, ‘सेल्फ’ला टिंब लावून लिहायची. मग प्रत्येक विवराला जन्मताच स्वतःची यादी मिळते.

क्लास आणि त्याच्या वस्तू ही कल्पना पायथनची नव्हे. ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात उले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी सिम्युला ६७ या भाषेत ती मांडली. गिदो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन खुला केला, तेव्हा क्लास पहिल्याच आवृत्तीत होते.

लोणारच्या इतिहासात या कल्पनेशी जुळणारा एक विलक्षण प्रसंग आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ लोणार ज्वालामुखीच्याच खात्यात जमा होतं. आजूबाजूला सगळा लाव्हाच, मग दुसरं काय वाटणार? १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये पुरावा मांडला. तळातल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडलं होतं, म्हणजे प्रचंड धक्क्याने काच झालेलं खनिज. ज्वालामुखीला असा धक्का देता येत नाही. लोणारचा क्लास बदलला.

पायथनमध्ये हेही जमतं. चालू प्रोग्रॅममध्ये, आधीच जन्मलेल्या वस्तूला ‘ज्वालामुखी’तून काढून ‘आघातविवर’ या क्लासमध्ये नेता येतं. रोजच्या कामात असं करू नये, पण एकदा करून बघायला हरकत नाही. वस्तूचा ओळख-क्रमांक तोच राहतो. तिचा खडक, तिचं पाणी, तिचा दर्जा सगळं जागच्या जागी असतं. फरक पडतो तो पुढच्या हाकेला: लोणार.माहिती() विचारलंत, की आता नव्या क्लासमधली मेथड उत्तर देते.