यंत्र कोण चालवणार?

बँकेच्या कर्जविभागात असताना माझ्या टेबलावरून शेकडो प्रकल्प-अहवाल गेले. यंत्राचे कोटेशन, जागेचे कागद, तारण, जामीनदार, पुढील पाच वर्षांचा अंदाजित ताळेबंद हे सारे मी बारकाईने तपासत असे. एक प्रश्न मात्र मी कधीच विचारला नाही. हे यंत्र चालवणार कोण? त्याची किंमत आपल्याच समाजातील एका कुटुंबाने मोजली.

हे कुटुंब प्लास्टिकच्या दाण्याचे व्यापारी. पेढी जुनी, बाजारात शब्दाला मान. नव्वदच्या दशकात त्यांनी इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र घेतले आणि कर्ज मीच मंजूर केले. पहिली दोन वर्षे पॉलिप्रॉपिलिनची झाकणे निघत होती, हप्तेही वेळेवर येत होते. मग नायलॉनच्या सुट्या भागांची मोठी ऑर्डर मिळाली. चातुर्मासाचे दिवस होते. मालावर चांदीसारख्या रेघा उमटू लागल्या, आणि वरून निर्दोष दिसणारे नगही हलक्या ठोक्याने तडकत. सारा माल परत आला. शेठजींनी दाणा पुरवणाऱ्याला दोष दिला, त्याने यंत्राला, यंत्र विकणाऱ्याने कारागिराला. कारागीर हाताच्या अंदाजावर काम करणारा. एके दिवशी तो कामावर आलाच नाही. वर्षभरात यंत्र विकावे लागले. घर तारणातून सोडवण्यास पुढची सहा वर्षे लागली.

काही वर्षांपूर्वी याच शेठजींनी मला घरी बोलावले. दहावी झालेला नातू प्लास्टिक तंत्रज्ञ होण्याचा हट्ट धरून बसला होता. "साहेब, तुम्हीच समजवा त्याला. ज्या मशीनपायी घर गहाण पडलं, तिथंच हा हात काळे करायला निघालाय. कॉमर्स करावं, गादीवर बसावं."

समजावण्यासाठी गेलेला मी त्या मुलाने आणलेली माहितीपुस्तिका वाचत बसलो. ती सिपेटची होती, म्हणजे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोकेमिकल्स इंजिनीअरिंग अँड टेक्नॉलॉजी या केंद्र सरकारच्या संस्थेची. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने 1968 मध्ये मद्रास येथे तिची स्थापना झाली. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर आणि चंद्रपूर येथे तिची केंद्रे आहेत. दहावीनंतर प्रवेश-परीक्षा देऊन तीन वर्षांची पदविका करता येते. एक पदविका प्लास्टिक तंत्रज्ञानाची, दुसरी साचे घडवण्याच्या तंत्राची. रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाचे पदवीधर झालेल्यांसाठी प्रक्रिया आणि चाचणी यांचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ज्यांना इतका काळ देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. शुल्क आणि तारखा दरवर्षी बदलतात. त्या त्या वर्षीची पुस्तिकाच पाहावी.

अखेर मुलगा गेला. आजोबा नाराजच होते.

तेथे काय शिकवतात, हे मला त्याच्याच तोंडून समजले. आरंभ पदार्थाच्या ओळखीपासून होतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यावर तरंगतात, नायलॉन आणि पीव्हीसी बुडतात. जळताना पॉलिथिनला मेणबत्तीचा वास येतो, नायलॉनला केस जळल्यासारखा. मग चाचण्या येतात. आपल्या पेढ्यांवर "एमएफआय किती?" हा प्रश्न रोज विचारला जातो, पण तो आकडा येतो कोठून, हे किती जणांना ठाऊक असेल? पॉलिप्रॉपिलिन 230 अंशांवर वितळवून, ठरावीक छिद्रातून 2.16 किलोच्या भाराखाली दहा मिनिटांत जितके ग्रॅम बाहेर पडते, तो हा आकडा. पॉलिथिनसाठी तापमान 190 अंश. आयुष्यभर ज्या आकड्यावर भाव ठरवला, त्याचा अर्थ शेठजींनी वयाच्या पंचाहत्तरीत नातवाकडून ऐकला. ते बोलले काही नाहीत, पण खुर्ची जवळ ओढून बसले.

त्यानंतर यंत्र. बॅरलच्या प्रत्येक भागाचे तापमान, स्क्रूचा वेग, इंजेक्शनचा दाब, दाब धरून ठेवण्याचा काळ, थंड होण्याचा काळ. माल बिघडला तर सारे नॉब एकदम फिरवायचे नाहीत; एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत नोंद करायची. ही शिस्त मला फार आवडली. आमच्या हिशेबतपासणीत याहून वेगळे काय असते?

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा पेढीवर कागदांवर वजन म्हणून ठेवलेला तो जुना नायलॉनचा नग त्याने हातात घेतला. रेघा पाहिल्या आणि विचारले, "आजोबा, ड्रायर किती तास लावत होता?"

"ड्रायर होता. पण बिल फार यायचं. झाकणांना कधी लागला नाही, म्हणून बंदच ठेवला."

कारण इतके साधे होते. पॉलिप्रॉपिलिन हवेतला ओलावा शोषत नाही म्हटले तरी चालेल; नायलॉन मात्र भरपूर शोषते, त्यातून पावसाळा आणि उघडी पोती. असा दाणा न सुकवता वितळवला की पाण्याची वाफ पृष्ठभागावर रेघा ओढते आणि तेच पाणी पदार्थाच्या लांब रेणूंचे तुकडे पाडते. मग नग ठिसूळ होतो. साधारण 80 अंशांवर सुमारे चार तास दाणा सुकवला असता, तर तो माल परत आला नसता. गंमत अशी की, नग तयार झाल्यावर त्याने थोडा ओलावा घेतला तर तो अधिक चिवट होतो. दाणा पुरवणारा बिचारा निर्दोष होता. पंचवीस वर्षे त्याच्याशी बोलणे बंद होते.

मला आकड्यांची सवय, म्हणून एक हिशेब मांडतो. एका साच्यातून एका वेळी चार नग निघतात आणि एका फेरीस 36 सेकंद लागतात, असे धरू. तासाला 400 नग झाले. साच्यातील थंड पाण्याची व्यवस्था सुधारून फेरी 30 सेकंदांवर आणली, की 480. यंत्र तेच, बँकेचा हप्ता तोच. फेरीतील सर्वांत मोठा वाटा बहुधा थंड होण्याचाच असतो, आणि तो कोठे कमी करता येईल हे शिकलेला माणूसच सांगू शकतो. मात्र सुरक्षा-दरवाजाचा स्विच बांधून ठेवून सेकंद वाचवणारेही मी कारखान्यांच्या भेटींत पाहिले आहेत. तशा एका ठिकाणी एका तरुणाची तीन बोटे गेलेली मी पाहिली. बोटे गेलेला तरुण मालकाच्या घरातला नव्हता, एवढेच.

मुलाची पदविका आता पूर्ण झाली आहे. शेठजींचा विचार लगेच शेड घेऊन यंत्र बसवण्याचा आहे. कर्ज किती मिळेल, असे त्यांनी मला विचारलेही. मुलाचे म्हणणे असे की, दोन वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर पाळी करावी, रात्रीचीसुद्धा. शेठच्या नातवाने नोकरी करावी, हे त्याच्या आईलाही पटत नाही. मी मुलाच्या बाजूने आहे आणि तसे त्या घरात स्पष्ट सांगितले आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.