खडूचा रंग आणि न्हाणे

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा जो हंगाम सुरू होतो, तो होळीच्या सुमारास आटोपतो. वडसा हे या मंडळ्यांचे मुख्य केंद्र होय. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीचे नाव दूरवर ऐकू गेले. येथील खेळ रात्रभर चालतो, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी मंडप उभा असतो. आजचा म्हातारा बाप उद्या तरुण नायक व्हावयाचा असेल, तर मधल्या दिवसात त्याचे केस पुन्हा काळे झाले पाहिजेत. तयार रंग वा टोप हाताशी नसला की हौशी नट कोठलाही असो, तो केसांवर खडूची पूड चोळतो. पंचाईत होते ती पुढे.

रंगाविषयी मराठी जी क्रियापदे योजते ती येथे उपयोगी पडतात. मेंदीचा रंग 'चढतो', खडू नुसता 'बसतो'. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. केसाचे बाह्य आवरण खवल्यांचे असते. मेंदीतील रंगद्रव्य आत शिरून केसातील प्रथिनाशी जडते. खडूचे कण मात्र खवल्यांच्या कडांत आणि तेलाच्या थरात अडकून राहतात. म्हणून बसलेला खडू प्रथम कोरडाच उठवावा, म्हणजे केस झटकून दाट दातांच्या फणीने विंचरावे. आधी पाणी ओतले तर पुडीचा चिखल होऊन तो मुळाशी उतरतो.

खरी अडचण साबणाची आहे. फळ्यावरचा खडू पुष्कळदा चुनखडीचा नसून जिप्समचा असतो, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात सुमारे २ ग्रॅम विरघळते. त्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरा, चिकट साका तयार होतो. राजुरा-कोरपना भागातील चुनखडकातून झिरपलेल्या दुष्फेन पाण्यात त्याची आणखी भर पडते. नटाला वाटते, रंगच निघत नाही. तो अधिक साबण लावतो, आणि साका अधिकच वाढतो! रिठा व शिकेकाई यांतील फेनद्रव्याचा कॅल्शियमशी असा साका होत नाही. साका धरलाच असेल तर पाण्यात लिंबू पिळून त्याने केस खळखळावे.

'आंघोळ' अंगाची, 'न्हाणे' डोक्यावरून, हा भेद मराठीने जपला आहे. संस्कृत 'स्ना' धातूपासून आलेला हा शब्द झाडीबोलीत 'न्हाने' असा उच्चारला जातो. न्हाणे म्हटले की तेल, शिकेकाई, ऊन पाणी आणि उन्हात केस वाळवणे ही सारी परंपरा त्यात येते. 'केस धुणे' हा आता रूढ झालेला प्रयोग त्या मानाने तोकडा आहे. त्यात केस वाळवण्याचा बोध होत नाही, आणि खडूच्या बाबतीत नेमके तेच महत्त्वाचे. खडूचे कण ओले असताना जवळजवळ अदृश्य होतात. ओल्या केसांवर फणी फिरवून समाधान मानणाऱ्या नायकाच्या कानशिलांवर, केस वाळताच, कालचा म्हातारा पुन्हा दिसू लागतो.